अळू, आलू आणि सासूबाई

महाराष्ट्राबाहेर राहिलं तरी आता बाकरवडी मिळते, गोडा मसाला मिळतो, सगळं मिळतं, पण ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी नोएडात अळू मागून बघा. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी मागितलं, मी पिशवी धरून मागे उभी. "भैया, अळू है क्या?" हां जी म्हणाला आणि बटाटे तागडीत टाकले सुद्धा. "ये नहीं रे, पानवाला!" तर म्हणे, "पान आगे नुक्कड़ पर मिलेगा माताजी."

मग केवढं पान, काळा देठ, चिंच नाही घातली तर घसा खवखवतो, सगळं हातवारे करून झालं, खाज सुटल्याची अ‍ॅक्टिंग केल्यावर तर तो जरा लांबच सरकला. शेवटी मीच म्हटलं, अरबी के पत्ते. "अच्छाऽ, वो बोलिए ना," म्हणत तो खालच्या गोणीत शोधायला लागला आणि इकडे आईंचा पारा चढला. "अरबी? आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढतं ते, अरबस्तानात कधी गेलं?"

त्यांचा राग काही अगदीच उगाच नाही हं. संस्कृतात आलु म्हणजे खायचा कंद, आपलं अळू त्याच घराण्यातलं. बटाटा तिकडे पेरूकडचा (देश, फळ नव्हे), पोर्तुगीज वगैरे मंडळी आल्यावर कुठे आपल्याकडे पोचला. उत्तरेत या पाहुण्याला जुनं नाव देऊन टाकलं आणि घरच्याला म्हणायला लागले अरबी! आपण पोर्तुगीजांचा बटाटा नावासकट घेतला म्हणून आपलं अळू वाचलं, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात बटाटा हे नाव तरी कुठे त्याचं स्वतःचं, कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला बटाटा म्हणायचे, पेरूतल्या क्वेचुआ भाषेत खऱ्या बटाट्याला म्हणतात पापा. म्हणजे हा जाईल तिथे दुसऱ्याच्या नावावर राहतो.

आणि फारसीत आलू म्हणजे चक्क प्लम. बुखाऱ्याचा तो आलुबुखार, आणि जर्द म्हणजे पिवळा म्हणून जर्दाळू. हे मी ठेल्यासमोरच आईंना सांगायला गेले, त्यांचा मूड जरा बदलावा म्हणून, तर त्यांना आठवलं की घरातले जर्दाळू संपलेत. विचारलं त्यालाच. भैया निघाला बिहारमधल्या भागलपूरचा, गोणी सोडून ताडकन उभा राहिला. "जर्दालु? वो तो हमारे यहाँ का आम है माताजी! अभी कहाँ, जून में आइए."

मग त्या आंब्याचा वास कसा, साल किती पातळ, २०१८ मध्ये जीआय टॅग कसा मिळाला, सगळं ऐकलं आम्ही, मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली. अरबी के पत्ते त्याच्याकडे नव्हतेच.