डिकीतले कूळ

आमच्या सेडान गाडीची डिकी रिकामी आहे, हा माझा समज अकरा वर्षे टिकला. बारा इंची सबवूफरसाठी, म्हणजे खोल सुरांच्या मोठ्या स्पीकरसाठी, मापाची पेटी करून घेत असल्याचे मी घरी जाहीर केले आणि त्याच संध्याकाळी त्या जागेचे सारे जुने हक्कदार पुढे सरसावले. आईची घडीची खुर्ची, पत्नीचे नाशिकच्या रविवार कारंज्यावरून येणारे महिन्याचे वाणसामान आणि सर्वांत प्रबळ हक्क म्हणजे पिंपळगाव बसवंतचे सासरे हंगामात न विचारता चढवतात ते द्राक्षांचे दोन क्रेट. डिकीच्या सातबाऱ्यावर माझे नाव केवळ हप्ते भरणारा म्हणून होते.

सबवूफरबरोबर आलेल्या कागदावर बंद पेटीचे आतले घनफळ 35 लिटर असावे, असे छापले होते. मागच्या आसनाची पाठ कललेली असल्यामुळे पेटीची एक बाजूही तितकीच कलती हवी. तो कोन मी मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला, घनफळाचे गणित तीनदा पडताळले आणि मोठ्या समाधानाने मापे सुतारमिस्त्रींच्या हाती दिली. फळी 18 मिलिमीटर जाड असते आणि समोरासमोरच्या दोन फळ्या मिळून प्रत्येक दिशेला 36 मिलिमीटर गिळून टाकतात, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा पेटीवर करडा गालिचाही चिकटवून झाला होता. आतली जागा 25 लिटरही भरेना. इतक्या कोंडलेल्या हवेत सबवूफरचा पडदा मोकळेपणाने हलत नाही आणि खोल सुराऐवजी नुसती ढबढब ऐकू येते.

“साहेब, तुम्ही बाहेरून सांगितलं, मी बाहेरून केलं,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “आत कोण बसणार आहे, हे आधी सांगायचं ना.”

दुसरी पेटी बरोबर झाली. (पहिलीत आता कांदे राहतात.) पण खरा छळ पुढेच होता, कारण पेटी डिकीत नेमकी कुठे ठेवायची याचे शास्त्र आहे. सबवूफरचे तोंड मागे करून पेटी आसनाला चिकटवली, तर तिथून डिकीच्या मागच्या पत्र्यापर्यंत साधारण 1 मीटर अंतर उरते. लाट पत्र्यावर आपटून परत येईपर्यंत 2 मीटर चालते, आणि 86 हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जवळजवळ 4 मीटर असल्यामुळे परतणारी लाट बरोबर उलटी होऊन निघणाऱ्या लाटेला खाऊ लागते. पेटी मागे सरकवली की हे भांडण सबवूफरच्या पट्ट्याबाहेर, वरच्या सुरांत जाते. परंतु कलती बाजू ज्या आसनासाठी कापली ते आसन मग दूर राहते आणि मधल्या त्रिकोणी फटीत टोमॅटो घरंगळतात. आमच्या ढोलवाल्यांचा मला त्या दिवसांत फार हेवा वाटला. नाशिक ढोल चौकात वाजतो, त्याला डिकी नसते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पेटी दर वेळी सहा इंच सरकवून तेच सूर वाजवत होतो आणि पुढच्या आसनावर बसवलेल्या पत्नीला फरक विचारत होतो. “येतोय आवाज,” हे तिचे उत्तर आठही जागांना सारखेच होते. नवव्या वेळी मात्र तिने बारकाईने ऐकले. “अहो, हे काहीतरी वेगळं वाजतंय,” ती म्हणाली. ती नंबरप्लेट होती.

शेवटी पेटी मागच्या बाजूला पक्की केली. सुमारे 18 किलोंची वस्तू जोराच्या ब्रेकसरशी मोकळी सुटू नये, म्हणून लोखंडी अँगल लावून चार बोल्ट आवळले. नेमक्या त्याच फरशीखाली स्टेपनी असते, ही गोष्ट मला पिंपळगावहून परतताना ओझरजवळ चाक बसल्यावर आठवली. महामार्गाच्या कडेला आधी द्राक्षांचे क्रेट उतरले, मग खुर्ची, मग पाऊण तासाच्या खटपटीनंतर पेटी. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. “जावईबापू, पोहोचलात ना? क्रेट सावलीत ठेवा.” क्रेट त्या वेळी भर उन्हात होते.

चाक बदलून झाल्यावर पेटी पुन्हा बसवण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. ती मी मागच्या आसनावर आईशेजारी ठेवून तिला सीटबेल्ट बांधला, आणि वायर लांब होती म्हणून जोडूनही टाकली. आडगाव नाका येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. माझ्या छातीत धस्स झाले. संगीत बंद करायला मी हात पुढे केला, तशी ती मागून म्हणाली, “राहू दे रे. कंबरेला बरं वाटतंय. सप्तशृंगीला जाताना याला इथंच बसव, खुर्ची टाक डिकीत.”