बाळाशी गाऊ नका, मोबाईल लावा? एका संदेशाचा प्रतिवाद

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आईवडिलांनी लहान मुलांबरोबर बेसूर गाणी म्हणत बसू नये, मोबाईलवर शुद्ध भाषेतील बालगीते लावावीत, म्हणजे मूल लवकर बोलते, शास्त्रीय संगीत लावावे, म्हणजे बुद्धी वाढते, अहिराणी या खान्देशी बोलीतील गाणी टाळावीत, नाहीतर शाळेची भाषा बिघडते, आणि कष्टकरी घरात गाण्याला वेळ असतोच कुठे? हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना मुलांचे भलेच हवे असणार, म्हणून त्याचे एकेक विधान तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

मोबाईलमुळे मूल लवकर बोलते, हे यातील सर्वांत घातक विधान आहे. अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून खेळली, काहींना तेच बोलणे पडद्यावर दाखवले गेले आणि काहींना नुसते ऐकवले गेले. बारा बैठकींनंतर माणसासोबत खेळलेली बाळे त्या भाषेतील ध्वनींचा फरक ओळखू लागली. पडद्यासमोरच्या आणि नुसते ऐकणाऱ्या बाळांच्या पदरी काहीच पडले नाही. हा प्रयोग बोलण्याचा होता, गाण्याचा नव्हता, हे मान्य. परंतु जी गोष्ट पडद्याला जमली नाही ती गाताना अधिकच ठळक दिसते. आजी ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबते, बाळाच्या तोंडाकडे पाहते, बाळ अर्धामुर्धा शब्द उच्चारते आणि मगच गाणे पुढे सरकते. मोबाईल बाळासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही एक वर्षाच्या आतील बाळांना पडदा दाखवूच नये, असे सांगितले आहे.

शास्त्रीय संगीताने बुद्धी वाढते, ही समजूत १९९३ च्या एका अमेरिकी प्रयोगातून पसरली. तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यात दिसलेला परिणाम पाव तासात ओसरला होता. बाळांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. गाण्याने परीक्षेतले गुण वाढतात, असा दावा मीही करणार नाही.

बेसूरपणाची भीती तर मला खरोखर व्यथित करते, कारण तिच्यामुळे चांगल्या गात्या घरांतील तरुण आया गप्प बसू लागल्या आहेत. बाळ आईचा आवाज पोटात असल्यापासून ऐकत असते. तिचा षड्ज, म्हणजे 'सा', कुठे लागला याची परीक्षा ते घेत नाही.

आता अहिराणीविषयी. ज्या बोलीने भाषा बिघडते असे सांगितले जाते, तिच्या शेजारच्या लेवा गणबोलीत असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी जात्यावर आणि शेतात गाणी रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि तरीही आज त्यांच्या कविता मराठीच्या पाठ्यपुस्तकांत शिकवल्या जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. आणि आमच्याकडची गाणी शिकण्याच्या दृष्टीने किती कसदार आहेत! भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हटल्या जाणाऱ्या गुलाबाईच्या, म्हणजे मुलींच्या सणाच्या, गाण्यांत तीच ओळ सासू, सासरा, दीर, नणंद अशी नाती बदलत पुन्हा पुन्हा येते. तीन वर्षांची मुलगी दुसऱ्या फेरीतच पुढचे नाते ओळखून आधी ओरडते; वाक्याचा साचा तसाच ठेवून त्यात नवा शब्द बसवणे ती तेथे कोणी न शिकवता शिकते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर थोरल्या बहिणीच्या मांडीत बसलेले मूल ताल अंगानेच उचलते. कर्शनर आणि टोमासेल्लो या संशोधकांच्या २०१० मधील अभ्यासात एकत्र गाऊन-नाचून खेळलेल्या चार वर्षांच्या मुलांनी नंतर एकमेकांना अधिक मदत केली होती. गुलाबाई मांडणाऱ्या आमच्या आयाबायांना याचे नवल वाटणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. तो खरा आहे, कारण कापूस वेचून आलेल्या बाईला चूलही पेटवायची असते. कॅनडातील माँट्रियलच्या संशोधकांनी सात ते दहा महिन्यांच्या बाळांना अनोळखी तुर्की गाणे ऐकवले, तेव्हा ती सरासरी नऊ मिनिटे न कुरकुरता राहिली. नुसत्या बोलण्याने मात्र सुमारे चारच मिनिटे राहिली. ते गाणे ध्वनिमुद्रित होते, हे सांगायलाच हवे. म्हणजे बाळाला शांत ठेवणे यंत्रालाही काही काळ जमते. पण गाण्यासाठी त्या बाईने वेगळा वेळ काढावा, असे मी म्हणतच नाही. झोळीला बांधलेली दोरी पायाच्या अंगठ्याने ओढत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत तिच्या आईने जे गाणे म्हटले, ते तिलाही पाठ आहे, आणि नऊ मिनिटांत तिच्या तीन-चार भाकरी होतात.