हंबनटोटा ‘जप्त’ झालंच नव्हतं

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. सार एवढंच: श्रीलंकेनं चीनकडून कर्ज काढलं, फेडता आलं नाही, चीननं हंबनटोटा बंदर जप्त केलं, त्यातच देश बुडाला, तेव्हा लहान देशानं मुकाट एका मोठ्याचा हात धरावा.

आधी जप्तीचं बघू. सोसायट्या-पतसंस्थांच्या या मुलखात जप्ती म्हणजे काय हे शिकवायला नको. हप्ते थकतात, नोटीस येते, तारण जातं. हंबनटोटात असं काही घडलं नाही. २००७ साली चीनच्या सरकारी एक्झिम बँकेनं पहिल्या टप्प्यासाठी ३०.७ कोटी डॉलर दिले, व्याज ६.३ टक्के. स्वस्त नव्हेच. २०१० ला बंदर सुरू झालं, पण जहाजं फारशी फिरकेनात. २०१७ ला ते चायना मर्चंट्स या कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलं, ११२ कोटी डॉलरला. खरी गंमत पुढं आहे: त्या पैशातून बंदराचं कर्ज फेडलंच नाही. पैसा परकीय चलनाच्या गंगाजळीत गेला आणि कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. सौदा वाईट होता म्हणा, माझी ना नाही. पण जप्ती ही नव्हे.

देश चीनच्या कर्जानं बुडाला, हे दुसरं. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं परदेशी कर्जफेड थांबवली, तेव्हा सरकारी कंपन्यांची कर्जं धरूनही चीनचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होता. खुल्या बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा वाटा त्याहून मोठा, तिसऱ्या हिश्श्याच्या वर. तिजोरी रिकामी झाली ती घरातल्या निर्णयांनीही. २०१९ च्या अखेरीस व्हॅट १५ वरून थेट ८ टक्क्यांवर आणला. ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी आधीच मार बसलेलं पर्यटन कोरोनानं पार झोपवलं. आणि २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद! ऐन वेळी युरियाची गोणी मिळाली नाही तर शिवाराचं काय होतं, हे चिकोडीच्या ऊसवाल्याला विचारा. तिकडं भात घटला, चहा घटला, तांदूळ बाहेरून आणायची पाळी आली. नोव्हेंबरात बंदी उठवली, पण हंगाम हातचा गेला होता. यातलं काहीही बीजिंगनं करायला लावलं नव्हतं.

म्हणून चीन धुतल्या तांदळासारखा ठरत नाही. भारतानं नाराजी कळवूनही ऑगस्ट २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ हे चीनचं टेहळणी जहाज हंबनटोटाला लागलंच. त्याच वर्षी भारतानं सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली होती, तरीही.

राहिला उपदेश: एकाचा हात धरा. १९५२ सालचं बघा. सिलोनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेत, तांदळाची टंचाई, रबराचा भाव पडलेला. कोरियाचं युद्ध चालू, चीनला रबर विकू नका असा अमेरिकेचा दबाव. सरकार कम्युनिस्टविरोधी, चीनशी राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते. तरी रबर द्या, तांदूळ घ्या असा करार केला, आणि रबराला चीननं बाजारापेक्षा चढा भाव दिला. अमेरिकेनं मदत रोखली. करार मात्र तीसेक वर्षं चालला.

आजही तेच, कुणा एकाचाच हात धरलेला नाही. कोलंबो बंदरात एक टर्मिनल चिनी कंपनी चालवते, आणि एप्रिल २०२५ पासून त्याच बंदरात अदानींचंही सुरू आहे. २०२४ मध्ये श्रीलंकेनं वर्षभर कुठल्याच परदेशी संशोधन जहाजाला येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. चीनचं नाव कुठंही घेतलं नाही, नियम सगळ्यांना एकच. त्या फेब्रुवारीत चिनी संशोधन जहाज मालदीवच्या माले बंदराला जाऊन लागलं.