हिरेबेणकलच्या टेकडीवर बुटके राहत नव्हते

हंपीला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पोस्ट फिरत असते. म्हणे, गंगावतीजवळच्या हिरेबेणकलच्या टेकडीवर तीन फुटी ‘मोरेर’ लोकांचं गाव होतं, त्यांची दगडी घरं अजून उभी आहेत, भिंतीतलं भोक हे दार, आणि एवढ्या शिळा उचलणं माणसाच्या हातचं कामच नव्हे.

आधी दाराचं बघू. ते गोल भोक जेमतेम अंग सरकवता येईल एवढं. रोजच्या ये-जा करायला असं दार कोण ठेवेल, उंची कितीही असो? ही थडगी आहेत. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला १९४७ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी अशाच भोकाच्या, पण जमिनीत पुरलेल्या दगडी पेट्या उकरल्या. आत एकाहून जास्त माणसांची हाडं, काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी वस्तू निघाल्या. देह आधी दुसरीकडे ठेवायचा आणि उरलेली हाडं नंतर गोळा करून आत ठेवायची, अशी ती रीत. चूल, राख, रोजच्या वापराचा कचरा घरात असतो, थडग्यात नाही.

उंचीचं म्हणाल तर काही कोठड्या खरंच कमरेएवढ्या आहेत, आणि पोस्टमध्ये फोटो नेमके त्यांचेच असतात. त्याच टेकडीवर तीन मीटरपर्यंत उंच शिळांच्या कोठड्याही उभ्या आहेत. त्या कोणत्या बुटक्यांच्या?

शिळा दुरून आणलेल्याच नाहीत. ग्रॅनाइट थराथराने सुटतो. भेगेत पाचर ठोकून लाद्या मोकळ्या करायच्या आणि जवळच उभ्या करायच्या. टेकडीवरचं तळं ही बहुधा त्यांचीच खाण.

बाकी, हे मौर्यांनी बांधलं ही जोडपोस्टही खोटी. इथली सुमारे चारशे स्मारकं साधारण इ.स.पू. ८०० ते २०० या काळातली, म्हणजे सुरुवात मौर्यांच्या कितीतरी आधीची.

दंतकथेला मात्र मी कमी लेखणार नाही. पश्चिम काकेशसमध्ये भोकं असलेल्या अशाच कोठड्या आहेत आणि तिथले लोकही त्यांना बुटक्यांची घरं म्हणतात. केरळात मरयूरला अशाच कोठड्या मुनींच्या झाल्या. बांधणारे विस्मरणात गेले की लोक गोष्ट रचतात, ते स्वाभाविक आहे. पण ती इतिहास म्हणून पुढे ढकलली की लोक आत शिरून, छताच्या शिळेवर चढून फोटो काढतात. काही शिळा आधीच कलल्या आहेत. तिथे गेलात तर बाहेरूनच बघा.