पुरस्कार मिळाला म्हणून जीएसटी माफ होत नाही आणि सी फॉर्मही टळत नाही

गेल्या मार्चमध्ये गुहागर तालुक्यातल्या माझ्या आत्याने मला एक व्हॉट्सॲप संदेश पाठवला आणि त्याखाली लिहिले, “अगं, आज संध्याकाळपर्यंतच मुदत आहे. पैसे भरू ना?” आत्याच्या घराला लागून पाहुण्यांसाठीच्या चार खोल्या आहेत आणि दिवाळीपासून मे अखेरपर्यंत त्यांवरच तिचे घर चालते. तो संदेश तिला आजूबाजूच्या न्याहारी-निवासवाल्यांच्या गटात मिळाला होता. तिथे तो तिघांनी पुढे पाठवला होता आणि एकाने “मी भरले” असे कळवलेही होते. पुढच्या दोन दिवसांत तोच संदेश मला आणखी दोन ठिकाणी दिसला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या राष्ट्रीय पर्यटन पुरस्कारासाठी प्रत्येक तालुक्यातून तीन होमस्टे निवडले जाणार आहेत. त्यासाठी ११,८०० रुपये नोंदणी शुल्क भरावे. विजेत्याला पाच वर्षे जीएसटी माफ राहील, अन्न परवाना लागणार नाही, परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवणारा सी फॉर्म भरावा लागणार नाही, आपोआप तारांकित दर्जा मिळेल आणि फलकावर भारत सरकारची राजमुद्रा लावता येईल. पुराव्यादाखल शेवटी कर्दे गावाचे नाव घेऊन “कर्द्याला मिळाला, मग तुम्हाला का नाही?” असा प्रश्न विचारला आहे.

आधी तालुक्यामागे तिघांचा हिशेब पाहू. एकट्या महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत, म्हणजे एका राज्यातच १,०७४ पुरस्कार झाले. प्रत्यक्षात २०१८-१९ या वर्षाचे राष्ट्रीय पर्यटन पुरस्कार २७ सप्टेंबर २०२२ रोजी, जागतिक पर्यटन दिनी, तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते दिल्लीत दिले गेले, तेव्हा संपूर्ण देशासाठी मिळून ८१ पुरस्कार होते. राज्य सरकारे, हॉटेले, सहल कंपन्या आणि मार्गदर्शक हे सगळे त्या ८१ मध्येच आले. शिवाय २०१८-१९ चे पुरस्कार २०२२ साली दिले गेले, हेही लक्षात घ्यावे. जिथे निवडीला आणि वितरणाला इतका वेळ लागतो, तिथे “आज संध्याकाळपर्यंत” अशी घाई कोणतेही मंत्रालय करत नाही, आणि अशा पुरस्काराचे पैसे कोणा व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर तर मुळीच जात नाहीत. संदेशात नेमका तसाच एक मोबाइल क्रमांक दिलेला होता.

आता जीएसटीचे पाहू, कारण बहुतेकांना मोह पडला तो याच ओळीचा. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा २०१७ च्या कलम ११ नुसार करातून सूट द्यायची असेल, तर जीएसटी परिषदेची शिफारस लागते आणि त्यानंतर सरकारने अधिसूचना किंवा विशेष आदेश काढावा लागतो. पर्यटन मंत्रालयाला कर माफ करण्याचा अधिकारच नाही, मग त्याने दिलेल्या मानचिन्हाने कर माफ कसा होईल? ज्यांना हा एकच मुद्दा नीट कळेल, त्यांच्यापुरता बाकीचा संदेश तिथेच संपतो. कर माफ करून देतो म्हणणारा हा संदेश स्वतः मात्र १०,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लावून ११,८०० रुपये मागतो, हे आत्याच्याही लक्षात आले नव्हते.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. आत्या आज जीएसटी भरत नाही आणि तिच्यासारखे अनेक जण भरत नाहीत, ही गोष्ट खरी आहे. पण त्याचे कारण त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे: महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा जास्त नसेल, तर त्याला सहसा नोंदणी करावी लागत नाही. ही सवलत छोट्या व्यावसायिकाला कायद्यानेच दिलेली आहे आणि ती कोणी ११,८०० रुपयांना विकत देऊ शकत नाही. उलाढाल त्या मर्यादेपलीकडे गेली, तर घरात कितीही मानचिन्हे असली तरी नोंदणी करावीच लागेल आणि कर भरावाच लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के दर लागू आहे.

मला सर्वांत जास्त राग आला तो सी फॉर्मच्या ओळीचा. पैसे गेले तर ते एकदाच जातात, पण या ओळीवर विश्वास ठेवणारा माणूस नकळत कायदा मोडून बसतो. संदेश आला त्या दिवशी आत्याकडे वेळासचा कासव महोत्सव पाहून आलेले एक जर्मन जोडपे उतरले होते. एरवी असे पाहुणे आले की रात्रीची जेवणे आटोपल्यावर आत्या ओटीवर बसते, त्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा समोर ठेवून एकेक क्रमांक मोबाइलमध्ये भरते, ते कुठून आले आणि पुढे कुठे जाणार हे विचारून लिहिते, आणि नेटवर्क गेले तर अंगणात जाऊन पुन्हा प्रयत्न करते. त्या दिवशी तिने मला विचारले, “आता हे भरायला नको ना?” भरायलाच हवे. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे हे खोली देणाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, मग ते पंचतारांकित हॉटेल असो की घरातली एकच खोली. पूर्वी ही जबाबदारी १९४६ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यातून येत असे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे, आणि त्यातही निवासाची सोय करणाऱ्यावर ही जबाबदारी कायम आहे. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच तिथले परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात, त्यामुळे माहिती न देणाऱ्याची गाठ थेट पोलिसांशी पडते. पुरस्कारविजेत्याला यातून सूट देणारी कोणतीही तरतूद नाही, आणि पाहुण्याची ओळख नोंदवण्याचे काम घरमालकाच्या गुणवत्तेवर अवलंबून असण्याचे कारणही नाही.

अन्न परवान्याचे उत्तर फार लांबवण्याची गरज नाही. पाहुण्याकडून पैसे घेऊन त्याला जेवण वाढले, की अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ लागू होतो. छोट्या व्यावसायिकाला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, आणि ते वाचवण्यासाठी कोणी ११,८०० रुपये भरावेत हे मला समजत नाही.

तारांकित दर्जाचेही तसेच आहे. तारे हॉटेलांना मिळतात, तेही स्वतंत्र अर्ज केल्यावर आणि समितीने प्रत्यक्ष पाहणी केल्यावर, आणि त्यांची मुदत पाच वर्षांची असते. घरगुती निवासासाठी केंद्राची वेगळी योजना आहे. तिच्यात एक ते सहा खोल्या चालतात, मालकाचे कुटुंब त्याच घरात राहावे लागते आणि दर्जा सुवर्ण किंवा रौप्य असा मिळतो. आत्याच्या घराला तारा मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

राजमुद्रेची सूचना मात्र सरळ सरळ गुन्हा करायला सांगणारी आहे. राष्ट्रचिन्हाचा अनुचित वापर रोखणारा कायदा २००५ साली झाला. गैरलाभासाठी व्यापारात किंवा व्यवसायात परवानगीवाचून हे चिन्ह वापरल्यास त्या कायद्यानुसार सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संदेशाच्या माथ्यावर जे चित्र होते, ते मी मोठे करून पाहिले. सिंहांच्या खाली “सत्यमेव जयते” ही अक्षरेच नव्हती, आणि त्या अक्षरांशिवाय राष्ट्रचिन्ह पूर्ण होत नाही. मंत्रालयाच्या खऱ्या पत्रावर अशी चूक असती का?

राहिले कर्दे. दापोली तालुक्यातल्या या गावाला २०२४ साली केंद्राच्या सर्वोत्तम पर्यटन गाव स्पर्धेत कृषी पर्यटन गटात पुरस्कार मिळाला, ही गोष्ट खरी आहे आणि आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाला तिचा आनंद व्हावा अशी आहे. त्या वर्षी आठ गटांत मिळून ३६ गावे निवडली गेली. पण ती गावांची स्पर्धा आहे. एखाद्या घरमालकाच्या व्यवसायाला दिला जाणारा तो पुरस्कार नव्हे, आणि त्यानंतर कर्द्यातल्या कोणाचाही जीएसटी किंवा सी फॉर्म माफ झालेला नाही. गावाने कमावलेले नाव असे फसवणुकीसाठी वापरले जावे, याचे मला विशेष वाईट वाटते.

ज्यांनी पैसे भरले आहेत, त्यांनी संकोच न करता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण तक्रार जितकी लवकर होईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. गटात “मी भरले” असे लिहिणाऱ्या गृहस्थांना आत्याने स्वतः फोन करून हे सांगितले. त्याच रात्री तिने त्या जर्मन जोडप्याचा सी फॉर्म भरला, आणि नव्या फलकासाठी सकाळी बोलावलेल्या रंगाऱ्याला सिंहांच्या जागी आपला अन्न नोंदणी क्रमांक लिहायला सांगितला.