‘दोन स्क्रू आवळायचे आठशे रुपये’ या रिव्ह्यूला दुकानाच्या मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने मोबाइलवर दाखवला. शनिवारी तुम्ही फोन केलेत आणि ते उचलले गेले नाहीत, याबद्दल मनापासून माफी मागतो. शनिवारी काउंटरवर गर्दी असते, हातात कुणाचा तरी उघडा डेक, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर असतो. तरी तुम्हाला ताटकळत ठेवायला नको होतं.

बाकीचं उत्तर इथेच देतो, कारण तुमचं लिहिलेलं इतरही गिऱ्हाइकं वाचणार. तुम्ही म्हणता की कार्ट्रिजचे, म्हणजे सुई ज्यात बसते त्या छोट्या डबीचे, दोन स्क्रू आवळायचे ८०० रुपये घेतले, ही लूट आहे. घरी नेल्यावर आवाज फाटतोय आणि मागे सतत घूं वाजतंय. आणि आम्ही नवी सुई गळ्यात मारायला बघत होतो. साहेब, ‘लूट’ हा शब्द फार लागला. वडिलांनी पुण्यात तापकीर गल्लीच्या मागे रेडिओ दुरुस्तीचं टेबल टाकलं, तेव्हापासून आमच्या घरात याच कामावर चूल पेटते. आणि दर काउंटरवर लिहिलेला आहे: कार्ट्रिज बसवणे आणि जुळवणे, ८०० रुपये. डेक ठेवून घ्यायच्या आधी तो मी तुम्हाला तोंडीही सांगितला होता, तुम्ही हो म्हणालात.

आता त्या दोन स्क्रूंबद्दल. कार्ट्रिज हेडशेलला, म्हणजे आर्मच्या टोकाच्या पट्टीला, दोनच स्क्रूंनी बसतं, हे खरं. त्या दोन्हींमधलं अंतर अर्धा इंच. आवळायला मिनिटसुद्धा लागत नाही. पण ते नेमके कुठे आवळायचे, यातच सगळं काम आहे. हेडशेलला गोल भोकं नसतात, लांबट खाचा असतात. त्यामुळे कार्ट्रिज पुढेमागे सरकतं आणि थोडं वळतंही. मूळ रेकॉर्ड कापताना कापणारी सुई सरळ रेषेत आत जाते. आपला टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, एका टोकाला खिळलेला, म्हणून आपली सुई कमानीत आत जाते. या दोन वाटा सगळीकडे कधीच जुळत नाहीत. दोन जागी मात्र नेमक्या जुळवता येतात: नेहमीच्या हिशेबाने रेकॉर्डच्या मध्यापासून ६६ मिलिमीटरवर आणि १२०.९ मिलिमीटरवर. हे गणित लोफग्रेन या अभ्यासकांनी १९३८ साली मांडलं आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ साली. आमच्या टेबलावरचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे हे दोन बिंदू दाखवणारं मापाचं साधन, आजही त्याच मापांचा आहे. भिंगातून बघत कार्ट्रिज केसाएवढं सरकवायचं, दुसरा बिंदू तपासायचा, तो हलला की परत पहिल्यावर यायचं. कार्ट्रिज सरकलं की आर्मचा तोलही बदलतो, म्हणून वजन पुन्हा मोजायचं.

एवढी उठाठेव कशासाठी, ते तुमच्याच रेकॉर्ड्सवरून सांगतो. तुम्ही वडिलांच्या संग्रहातल्या ख्यालाच्या एलपी आणल्या होत्यात. बहुतेक बाजूंवर आधी विलंबित, आणि द्रुत येतो लेबलाजवळ. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर आवाजाची खाच सरकते, आणि आत लेबलाजवळ जेमतेम वीस-एकवीस सेंटिमीटर. म्हणजे गाण्यातल्या सगळ्यात वेगवान ताना सगळ्यात कमी जागेत कोरलेल्या असतात. कार्ट्रिज जरा तिरकं बसलं तरी विलंबित सुरेख वाजतं आणि द्रुतात आवाज चरचरायला लागतो. मग लोक म्हणतात, रेकॉर्ड घासली गेली. चांगल्या रेकॉर्ड्स अशा कारणाने रद्दीत गेलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तुमचा डेक आला तेव्हा काय अवस्थेत होता, हे मी लिहिणार नव्हतो, पण आता लिहावं लागतंय. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई हे कार्ट्रिज तुम्ही ऑनलाइन मागवून स्वतः बसवलं होतंत. कार्ट्रिज चांगलं आहे, निवड योग्य आहे. पण उजव्या बाजूच्या दोन वायरी, लाल आणि हिरवी, एकमेकींच्या पिनांवर होत्या. त्यामुळे मधोमध यायला हवा तो गायकाचा आवाज पसरट आणि पोकळ येत होता आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा गायब होता. मागचं वजन तुम्ही आकड्यावर बघून २ वर ठेवलं होतंत, पण त्याआधी आर्म हवेत तरंगेल असा शून्यावर तोलून घ्यायचा असतो, ते राहिलं होतं. काट्यावर ठेवलं तर सुईवर एक ग्रॅमसुद्धा भार नव्हता. या सुईला १.८ ते २.२ ग्रॅम लागतो. भार कमी म्हणून ती उड्या मारत होती. आणि उड्या थांबाव्यात म्हणून तुम्ही हेडशेलवर सेलोटेपने रुपयाचं नाणं चिकटवलं होतंत! नाणं तीन ग्रॅमच्या वर भरतं, साहेब. तेवढ्या ओझ्याखाली सुईची दांडी दबते, कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायला येतं आणि खाचेच्या भिंती झिजतात. एकदा झिजलेली खाच कुणालाही दुरुस्त करता येत नाही.

आम्ही नाणं काढलं, गोंद पुसला, वायरी चिमट्याने बदलल्या. त्या पिना फार नाजूक असतात, पकडीने ओढल्या तर आतून तुटतात आणि कार्ट्रिज वाया जातं. आर्म तोलून २ ग्रॅमवर आणला, दोन्ही बिंदू जुळवले, समोरून आरसा लावून हेडशेल सरळ आहे ना ते पाहिलं. फिरत्या रेकॉर्डवर आर्म आपोआप आत ओढला जातो, त्याला उलटा ताण देणारं अँटी-स्केटिंग तुम्ही शून्यावर ठेवलं होतंत, तेही लावलं. मग तुमचीच एक एलपी दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवली. तुम्ही डेक न्यायला आलात तेव्हा द्रुताचा तुकडा तुम्हाला ऐकवला आणि तुम्ही “वा” म्हणालात. हे सगळं त्या ८०० रुपयांत होतं. दोन स्क्रू त्यात होतेच.

घरच्या फाटक्या आवाजाबद्दल. तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. डेकच्या मागचा स्विच ‘लाइन’वर आहे आणि केबल अँपच्या (अँप्लिफायरच्या) ‘फोनो’ सॉकेटमध्ये आहे. तुमच्या कार्ट्रिजमधून जेमतेम चार मिलिव्होल्ट निघतात. रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर कमी केलेले आणि तार स्वर चढवलेले असतात. फोनो प्रीअँप ते उलटं करून आवाज मोठा करतो. स्विच ‘लाइन’वर असल्याने तुमच्याकडे हे काम एकदा डेकमध्ये आणि परत अँपमध्ये, असं दोनदा होतंय. आवाज फाटणारच. त्याच फोटोत अर्थिंगची बारीक वायर नुसतीच लोंबतेय, घूं बहुतेक तिथूनच येतंय. अँप बंद करा, स्विच ‘फोनो’वर न्या, ती वायर अँपच्या ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूला बांधा आणि मग व्हॉल्यूम अगदी खाली ठेवून सुरू करा. तुमचा डेक आम्ही आमच्या अँपवर तपासून दिला होता. घरचं कनेक्शन आमच्या हातात नव्हतं.

सुईचं एवढंच. भिंगाखाली दांडी किंचित एका बाजूला झुकलेली दिसली, बहुधा नाण्यामुळे. ते तुम्हाला दाखवणं माझं काम होतं. या मॉडेलला फक्त हिरवा सुईचा भाग ओढून बदलता येतो, आख्खं कार्ट्रिज घ्यावं लागत नाही, हेही मीच सांगितलं. तुम्ही नको म्हणालात, मी विषय सोडला. विकायचंच असतं तर नवं कार्ट्रिज घ्या म्हणालो असतो.

यापुढे बिलावर काय काय केलं ते थोडक्यात लिहून द्यायचा विचार आहे, आणि फोनचंही काहीतरी बघतो.

वर सांगितलं तसं करूनही आवाज फाटला तर डेक आणि अँप दोन्ही घेऊन या, तुमच्यासमोर तपासून देईन, पैसे घेणार नाही. एवढं केल्यावर आवाज नीट आला, तर हा रिव्ह्यू बदलावा एवढी विनंती. आमच्याकडे नवीन माणूस हल्ली आधी स्टार बघतो आणि मगच पायरी चढतो. सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी सकाळी या, गर्दी नसते. आणि नाणं परत लावू नका.

आपला,
दुकानाचा मालक