बझर चौथ्या बटणानंतर वाजतो

येत्या गुरुवारी, १५ जानेवारी २०२६ला, आपल्या पुणे महापालिकेचं मतदान आहे. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. गेल्या पंधरा दिवसांत मला निदान वीस जणांनी विचारलं, "मॅडम, या वेळी मत कुणाला?" पण "मतं किती द्यायची असतात?" हे विचारणारी फक्त आमच्याकडे कामाला येणारी ताई होती. म्हणून हे सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

२०१७च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका शाळेत मला निवडणुकीची ड्युटी लागली होती. मी मतदान अधिकारी क्रमांक तीन, म्हणजे मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटपाशी बसणारी. चिठ्ठी घ्यायची, मशीन सुरू करून द्यायचं आणि सगळी मतं नोंदली की वाजणारा बझर ऐकू येईपर्यंत पुढच्या माणसाला सोडायचं नाही. दुपारी एक आजी आल्या, हातात कापडी पिशवी. आडोशामागे गेल्या, एक बटण दाबलं आणि बाहेर यायला निघाल्या. बझर नाही. मी म्हटलं, "आजी, अजून तीन मतं राहिलीत." त्या म्हणाल्या, "मला एकालाच द्यायचं होतं बाळा. दिलं की." केंद्राध्यक्षांनी नीट समजावलं, की प्रभागात चार जागा आहेत, चारही ठिकाणी मत नोंदवावं लागतं, कुणीच नको असेल तर 'नोटा' दाबा. आजी परत आत गेल्या. टक, टक, टक. बझर वाजला.

तीन सेकंदांत तीन नगरसेवकांना मत देऊन झालं.

मला त्या आजींबद्दल काही म्हणायचं नाही. त्या उन्हात रांगेत उभ्या राहिल्या, सांगितल्यावर परत आत गेल्या. पण त्यानंतर दिवसभर मी कान देऊन ऐकत होते. लॅपटॉपच्या बॅगा लावलेली माणसं, माझ्यासारखे शिक्षक, डॉक्टर, सगळ्यांचं तेच. पहिलं बटण विचार करून, उरलेली तीन झटपट. ज्याच्याशी ओळख, ज्याचा फ्लेक्स चौकात, त्याला एक मत आणि बाकी तेच चिन्ह शोधून मोकळं व्हायचं. आपण एक माणूस निवडतो आणि त्याच्यासोबत तीन माणसं न बघता घरी घेऊन येतो. पुढे पाच वर्षं ती तिघंही सभागृहात आपल्या नावानं हात वर करतात.

आधी पद्धत सांगते. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येक प्रभागातून एकच नगरसेवक, त्यामुळे तिथे एकच मत. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ जागा. चाळीस प्रभागांत चार-चार, आणि आंबेगाव-कात्रजच्या ३८ नंबरच्या प्रभागात पाच. जागांना अ, ब, क, ड अशी नावं आहेत आणि प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते: अ पांढरी, ब फिकी गुलाबी, क फिकी पिवळी, ड फिकी निळी. रंग लक्षात ठेवा, कारण मशीनची संख्या उमेदवारांवर ठरते आणि कुठली जागा कुठे संपते ते रंगावरूनच पटकन कळतं. एका रंगात एकच मत. एकाच जागेवर दोघांना देता येत नाही, आणि एका जागेचं मत वाचवून दुसरीकडे वापरता येत नाही. एकाच पक्षाचं चिन्ह चारही पत्रिकांवर त्याच क्रमांकावर असेल असंही नाही. "वरून दुसरं बटण" असं कुणी सांगून पाठवलं असेल तर ते विसरा. नाव वाचा, चिन्ह बघा, मग दाबा. लोकसभा-विधानसभेला शेजारच्या यंत्रात चिठ्ठी दिसते, तशी इथे दिसत नाही. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नाही. त्यामुळे घाई अजिबात नको.

चारही मतं एकाच पक्षाला द्यायची सक्ती नाही. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं, फेसबुकवर ती सोय असती तर. पक्षांना पॅनल चालवायचं असतं, ते "चारही बटणं आपलीच" म्हणणार, त्यांच्या बाजूनं ते ठीक आहे. पण तुमच्यासमोर चार वेगळ्या निवडणुका आहेत. 'अ'मध्ये एका पक्षाची बाई चांगली वाटली, 'ड'मध्ये अपक्ष कामाचा वाटला, तर तसं द्या. मत अजिबात बाद होत नाही.

यादीत नाव कुठे आहे हेही आजच बघा. महापालिकेला वेगळी मतदारयादी नसते. विधानसभेची यादीच प्रभागांप्रमाणे फोडतात, या वेळी १ जुलै २०२५ची. फोडताना गफलत होते. माझ्या सासूबाईंचं नाव नाल्यापलीकडच्या प्रभागात गेलंय आणि आम्हा बाकीच्यांचं अलीकडे. घर एक, स्वयंपाकघर एक, नगरसेवक वेगळे. हरकतींची मुदत होती तेव्हा आम्ही प्रारूप यादी उघडलीच नाही, ती चूक आमची. नावापुढे दोन तारे दिसले तर घाबरू नका. ती दुबार नावाची खूण आहे, ओळख पटवून आणि हमीपत्र देऊन मत देता येतं. पण त्यासाठी ओळखपत्र घेऊन वेळ हाताशी ठेवून जा, सव्वापाचला नको.

आता मुद्द्याचं. नगरसेवक कशाला हवा, असं म्हणणारे बरेच भेटतात. पुण्याच्या नगरसेवकांची मुदत १४ मार्च २०२२ला संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली, आणि तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार. जवळजवळ चार वर्षं आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठे हे हललं. या चार वर्षांत आमच्या गल्लीतलं ड्रेनेज दर पावसाळ्यात उलटं येत होतं आणि तक्रार करायला ॲप होतं, माणूस नव्हता. तक्रार 'निकाली' निघाल्याचा मेसेज यायचा आणि पाणी तसंच अंगणात असायचं.

म्हणून या वेळी दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतेय: आपल्या प्रभागातलं ड्रेनेज कुठून कुठे जातं? एका महिला उमेदवारांना विचारलं तर त्यांच्या यजमानांनीच उत्तर द्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, "दादा, ताईंना बोलू द्या." ते हसले आणि पुन्हा तेच बोलले. सगळे निघून गेले. संध्याकाळी सातला बेल वाजली. त्याच ताई, एकट्या. म्हणाल्या, "मघाशी राहून गेलं." मग त्यांनी पाण्याच्या टाकीची वेळ, आमच्या उताराला पाण्याचा दाब का कमी येतो, आणि ती पाण्याची लाइन जिला खेटून जाते त्या जुन्या ड्रेनेज लाइनचा मार्ग, हे सगळं जिन्यात उभ्या राहून सांगितलं. त्या कुठल्या पक्षाच्या ते इथे लिहीत नाही. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्या जागांवरची मतं आपण सर्वांत कमी विचारानं देतो, हे मी बायकांनाच सांगतेय.

या वर्षी संक्रांत मतदानाच्या आदल्या दिवशी आलीय. उमेदवारांकडून हळदीकुंकवाची निमंत्रणं येताहेत, 'खेळ पैठणीचा' तर डिसेंबरपासून चालू आहे. जायचं असेल तर जा, मैत्रिणी भेटतात. पण वाण घेतलं म्हणून मत बांधलं गेलं असं मनात आणू नका. त्या आडोशामागे तुम्ही काय दाबलं ते कुणालाही कळत नाही, मी तिथे बसले होते, मला माहीत आहे.

आणि नोटा. ते वाया गेलेलं मत आहे असं अजूनही लोक सांगतात. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८मध्ये आदेश काढला, की एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली तर कुणीच निवडून येणार नाही, निवडणूक पुन्हा होईल. लोकसभा-विधानसभेला असं नाही. पण हा अधिकार निवडणूक झाली तरच. बिनविरोध झालेल्या जागेवर नोटासुद्धा उरत नाही, म्हणून 'गावाच्या एकोप्यासाठी बिनविरोध' हे कौतुक मला पटत नाही. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी आठवतंय? तिथे ग्रामपंचायतीच्या पदांचे लिलाव झाले, आकडे लाखांत आणि कोटीत होते. पैसा देवळासाठी म्हणून बोलला गेला होता. आयोगानं जानेवारी २०२१मध्ये दोन्ही निवडणुका रद्द केल्या, आणि बरं केलं.

काल रात्री लेकीच्या वहीतलं एक पान फाडून त्यावर चार ओळी आखल्या. अ, ब, क, ड. प्रत्येकापुढे उमेदवारांची नावं, शपथपत्रातले गुन्हे आणि मालमत्ता, आणि ड्रेनेजच्या प्रश्नाला काय उत्तर मिळालं ते. अ आणि ब झालंय. ड जवळजवळ ठरलंय. 'क'मधले तीन जण अजून दारात आलेले नाहीत. उद्या शाळा सुटल्यावर त्यांच्या प्रचार कार्यालयात मीच जाणार आहे. आमच्या भागातलं कुणाला सोबत यायचं असेल तर साडेपाचला दत्ताच्या देवळापाशी भेटा.